उलटं कसं करायचं

"सर, परत तिथंच आलं."

अर्चना दुधाणेनं मोबाइल माझ्यापुढं धरला. बदली पोर्टलचं तेच निळं पान, त्याच दोन रिकाम्या चौकटी. नाव टाका, पासवर्ड टाका. तिनं दोन्ही टाकलं होतं. ओटीपी आला होता, तोही टाकला होता. 'लॉगिन यशस्वी' अशी हिरवी अक्षरं क्षणभर दिसली होती, आणि पुन्हा हे पान.

"पासवर्ड चुकला असेल," मी म्हणालो.

"चुकला असता तर यशस्वी कशाला म्हणालं असतं सर?"

मी आवाज जरा चढवला. "मॅडम, शेवटच्या दिवशी सर्व्हरवर लोड असतो. थोडा धीर धरा."

मे महिन्याचा शेवट होता. वाघजाळीच्या केंद्रशाळेत, पाचवीच्या वर्गात, आम्ही बारा शिक्षक सकाळी नऊपासून बसलो होतो. मी सोडून अकराही जणांना बदलीचा फॉर्म भरायचा होता आणि पोर्टल संध्याकाळी पाचला बंद होणार होतं. बारा वाजून गेले तरी एकजणही आत शिरला नव्हता. तालुका घाटाखाली छत्तीस किलोमीटर. दुपारची एसटी गेली की दुसरी संध्याकाळी सहाला. म्हणजे काय व्हायचं ते इथंच.

बाकीच्यांचं एक वेळ चाललं असतं. कुणाला गावाजवळची शाळा हवी होती, कुणाला डांबरी रस्त्यावरची. अर्चनाचं तसं नव्हतं. तिचा नवरा महेश जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला शिक्षक. चार वर्षांची जाई त्याच्याकडं, आजीपाशी, कारण पोरीला मधूनच आकडी यायची आणि आमच्याकडं वर दवाखाना म्हणजे कुलूप लावलेली खोली. फेब्रुवारीत जाईला मोठी आकडी आली तेव्हा अर्चनाला पोचायला सात तास लागले होते. नवरा-बायकोला जवळच्या शाळा द्यायची सोय या फॉर्ममध्ये होती. मागची फेरी चार वर्षांपूर्वी झाली होती. पुढची कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं.

आणि मी कोण? मी दिगंबर हेंद्रे, वय वर्षं एकतीस, वाघजाळी केंद्राचा तंत्रस्नेही शिक्षक. त्या काळात प्रत्येक केंद्राला असा एक असायचा. ज्याला कॉम्प्युटरची आवड तो तंत्रस्नेही. मला प्रमाणपत्र मिळालं होतं, बिल्ला मिळाला होता, आणि तो बिल्ला मी सुट्टीतसुद्धा शर्टाला लावून यायचो. आता हसू येतं. फॉर्म सुरू झाले तेव्हा दोघातिघांनी व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं की लॉगिन होत नाही. मी ऐटीत उत्तर दिलं होतं, 'कुणी काही करू नका. शेवटच्या दिवशी केंद्रशाळेत या. मी सगळ्यांचे भरून देतो.'

सकाळपासून मी काय काय करवून घेतलं म्हणता! मोबाइल बंद करून चालू केले. सिमकार्डं काढून फुंकर मारून पुन्हा घातली. नेटवर्कसाठी सगळ्यांना गच्चीवर नेलं. मेच्या उन्हात अकरा शिक्षक मोबाइल आभाळाकडं धरून उभे, आणि खालून गावातली माणसं बघतायत. शाळेच्या कॉम्प्युटरवर करून बघितलं, तिथंही तेच. केंद्रप्रमुख बाबर साहेब खुर्चीत बसून एकच वाक्य म्हणत होते, "हेंद्रे आहेत ना, होईल."

त्यात नवीनच संकट. पोर्टल एका माणसाला दिवसात तीनच ओटीपी द्यायचं. अर्चनाचे दोन संपले होते, बाकीच्यांचाही एखाद-दुसराच उरला होता.

"पासवर्ड बदलून बघू," मी तिच्या मोबाइलकडं हात केला. "द्या इकडं."

"देऊ नको गं."

आवाज दारातून आला. लोहार बाई होत्या. पायात रबरी चपला, डोक्यावर पदर, खांद्याला कापडी पिशवी. अर्चना आणि त्या ठाकरवस्तीच्या दोनशिक्षकी शाळेवर होत्या. वय छप्पन्न, निवृत्तीला दोनच वर्षं, त्यामुळं बाईंना फॉर्म भरायची गरजच नव्हती. अर्चनानं रडत फोन केला म्हणून उन्हातून चार किलोमीटर डोंगर उतरून आल्या होत्या.

खरं सांगतो, त्यांना बघून मला रागच आला. इथं मी एवढा तंत्रस्नेही घामाघूम झालोय आणि या काय करणार? याच बाईंची मी एप्रिलमध्ये भर कार्यशाळेत टर उडवली होती. मोबाइल सुरक्षित कसा ठेवायचा, यावर माझं व्याख्यान होतं. मी पायरी सांगायचो, सगळे मोबाइलवर तसं करायचे. बाई मात्र प्रत्येक पायरी आधी वहीत लिहायच्या, मग मोबाइलवर करायच्या. सगळे खोळंबायचे. शेवटी त्यांनी हात वर केला होता. "सर, हे उलटं कसं करायचं तेपण सांगा. वहीत लिहून ठेवते."

मी म्हणालो होतो, "बाई, दाराला कुलूप लावतानाच ते तोडायचं कसं, असं कुणी विचारतं का?"

सगळा वर्ग खो खो हसला होता. बाईही हसल्या होत्या. "तेही खरंच म्हणा. मग सावकाश सांगा," एवढंच म्हणाल्या. मला मात्र आपल्या हजरजबाबीपणाचं इतकं कौतुक वाटलं होतं की घरी जाऊन बायकोलाही सांगितलं.

बाईंनी माठातलं पाणी घेतलं, अर्चनाच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "सर, तिचा एकच ओटीपी उरलाय. नेमकं काय बिघडलंय ते कळेपर्यंत तो खर्च करायला नको. चालेल ना?"

"बाई, मी तेच तर शोधतोय सकाळपासून."

"हो हो. मी आपली बाजूला बसून जरा विचारपूस करते."

विचारपूस म्हणजे काय, तर त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडं लिहिलं 'झालं', उजवीकडं 'नाही झालं'. पहिलीच्या पोरांना फळं आणि भाज्या वेगळ्या करायला लावतात ना, तसंच. उजवीकडं अकरा नावं भराभरा आली. डावी बाजू रिकामीच.

"आपल्या केंद्रात कुणाचं झालंच नाही?" बाईंनी विचारलं.

"शेख सरांचं झालं म्हणे काल. घरी बसून," कुणीतरी म्हणालं.

बाईंनी लगेच शेख सरांना फोन लावला, स्पीकरवर. "सर, मी लोहार बाई. आई कशी आहे? उठून बसते का आता? बरं झालं. सर, फॉर्म भरला तो कुठल्या मोबाइलवर? तुमच्याच? काही वेगळं केलंत का?"

"काहीच नाही बाई. नाव टाकलं, पासवर्ड टाकला, ओटीपी टाकला, गेलो आत."

फळ्यावर डावीकडं 'शेख' आलं. मग शेजारच्या केंद्रातल्या दोन शिक्षिकांना फोन. त्यांचंही झालं होतं. मग आमच्याच केंद्रातल्या मोहिते मॅडम, बाळंतपणाच्या रजेवर माहेरी होत्या. त्यांचंही पहिल्या झटक्यात. प्रत्येकाची आधी चौकशी, मग प्रश्न, मग नाव. मी मनात म्हणत होतो, वेळ चाललाय, दीड वाजला, ही बाई गप्पा काय मारत बसलीय.

चार नावं डावीकडं, अकरा उजवीकडं. बाई फळ्यापासून चार पावलं मागं सरकल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. मग बाबर साहेबांकडं वळल्या.

"साहेब, एप्रिलच्या कार्यशाळेची हजेरी असेल का कपाटात?"

"हजेरी? ती कशाला?"

"बघू द्या तरी."

साहेबांनी फाइल काढून दिली. बाईंनी सह्यांच्या कागदावर बोट ठेवलं आणि एकेक नाव फळ्याशी ताडून बघितलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होतो. उजवीकडच्या अकराही जणांच्या सह्या होत्या. शेख सरांपुढं गैरहजर, आईला दवाखान्यात नेलं होतं. मोहिते मॅडम रजेवर. बाकी दोघी तर आमच्या केंद्रातल्याच नव्हत्या.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मेंदूत काहीतरी लख्ख पेटलं आणि वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

बाईंनी मान वळवून माझ्याकडं फक्त एकदा पाहिलं. मग डस्टर उचलला आणि सगळा फळा पुसून टाकला. रेघ, नावं, सगळं. मागं बसलेल्यांना अजून काही कळलं नव्हतं.

"सर, जरा खिचडीच्या खोलीत येता का? चहाचं बघू सगळ्यांच्या," त्या म्हणाल्या.

खिचडीच्या खोलीत मोठी पातेली पालथी घातलेली होती. बाईंनी दार लोटून घेतलं आणि पिशवीतून वही काढली. दोनशे पानी, खाकी कव्हरची. कार्यशाळेची तारीख शोधली आणि पान माझ्यापुढं धरलं.

गोल गोल अक्षर. एक, ब्राउझर उघडणे. दोन, वर उजवीकडं तीन ठिपके. तीन, सेटिंग्ज. चार, साइट सेटिंग्ज. पाच, कुकीज. सहा, बंद करणे. शेजारी कंसात, 'हेंद्रे सर म्हणाले, कुकीज म्हणजे घरात शिरलेले चोर.'

आणि त्याखाली दोन रेघा मारून मथळा होता, 'उलटं कसं करायचं'. मथळ्याखाली फक्त तीन शब्द, 'हेंद्रे सर सांगतील.' त्यापुढं अर्धं पान कोरं.

मी थट्टा केली होती. सगळा वर्ग हसला होता. त्या हसण्यातही बाईंनी माझ्यासाठी अर्धं पान राखून ठेवलं होतं, आणि महिनाभर ते तसंच होतं. मला कुणी थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

"मीच बंद करायला लावलं, बाई," मी म्हणालो. "सगळ्यांना. शाळेच्या कॉम्प्युटरवरसुद्धा मीच केलं. मग सुट्टी लागली. व्हॉट्सअॅपला त्याचा काही त्रास होत नाही, म्हणून कुणाला कळलंच नाही."

"ते असू द्या. मला आधी सांगा, ही कुकी करते काय? चोर नाही, तर कोण?"

"चिठ्ठी असते छोटी. आपण लॉगिन केलं की साइट आपल्या मोबाइलमध्ये खूण ठेवते, की हा माणूस आत्ताच तपासलाय. पुढचं पान उघडताना ती खूण बघते. आपण खुणा ठेवूच देत नाही. मग तिला वाटतं, हा नवाच कुणीतरी आलाय, पाठवा पुन्हा दाराशी."

बाई हसल्या.

"म्हणजे पोलिओच्या डोसाचं झालं की. डोस दिला की करंगळीला शाई लावतात. आपण पोरांच्या करंगळ्या पुसून काढतोय. मग नर्स म्हणणारच, ये बाळ, आ कर."

पाच वर्षं मी कॉम्प्युटर शिकवत होतो. कुकी म्हणजे काय ते मला त्या दिवशी, त्या खोलीत, त्या बाईंकडून नीट समजलं.

"बाई," मी हळूच म्हणालो, "मी असं करतो. एकेकाचा मोबाइल हातात घेतो आणि गुपचूप चालू करून देतो. सर्व्हर सुधारला म्हणून सांगू."

बाईंनी हो म्हटलं नाही की नको म्हटलं नाही. पिशवीतून पेन काढलं आणि वहीवर ठेवलं. "आधी हे पान भरून द्या. माझं अर्धवट राहिलंय."

मी पालथ्या पातेल्यावर वही ठेवून लिहिलं. ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, कुकीज, चालू करणे. पाच ओळी. एवढ्याशाच पाच ओळी मी एप्रिलमध्ये सांगितल्या असत्या तर!

"आता माझ्यावर करून बघा," बाईंनी स्वतःचा मोबाइल काढला. "माझे तिन्ही ओटीपी शिल्लक आहेत. मला फॉर्म भरायचा नाही, खातं आहेच. पण आधी काही न बदलता करू."

"न बदलता कशाला? एक वाया जाईल."

"जाऊ द्या. बदलून झालं तर कशानं झालं ते कळायला नको?"

न बदलता केलं. हिरवी अक्षरं, आणि परत निळं पान. मग बाईंनी वहीत बघून, माझ्या पाच ओळींप्रमाणं, स्वतःच्या बोटानं सेटिंग बदललं. पुन्हा नाव, पासवर्ड, ओटीपी. पान फिरत राहिलं.

'नमस्कार, सुमन ज्ञानू लोहार.'

"आत गेले वाटतं मी," बाई म्हणाल्या. माझ्या जिवात जीव आला. तीन वाजले होते.

आम्ही वर्गात आलो. बाई सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसल्या आणि वही मांडीवर मिटून ठेवली. त्या माझ्याकडं बघतसुद्धा नव्हत्या. मी वाटेल ते खोटं बोललो असतो तरी त्या गप्पच बसल्या असत्या, याची मला आजही खात्री आहे. आणि म्हणूनच मला बोलता येईना. मी शर्टाचा बिल्ला काढून खिशात टाकला.

"सर्व्हरचं काही नाही," मी म्हणालो. "एप्रिलमध्ये मी तुम्हाला मोबाइलमधल्या कुकीज बंद करायला लावल्या. त्या चोर नसतात, साइटच्या खुणेच्या चिठ्ठ्या असतात; त्या बंद असल्या की लॉगिन टिकत नाही. चूक माझी. सकाळपासून तुम्हाला उन्हात उभं केलं, तेही उगीच. शोधून काढलं लोहार बाईंनी."

बाबर साहेबांनी चष्मा काढला. मग मागून साळुंखे सर म्हणाले, "म्हणजे आम्ही चोर धरायला गेलो आणि पोस्टमनला कोंडून ठेवलं की हो!"

सगळे हसले. हसण्यात राग होता, पण हसण्यात मावेल एवढाच. अर्चना मात्र हसली नाही. ती उठली, माझ्यापुढं आली आणि म्हणाली, "सर, माझा एकच उरलाय. आता नक्की?"

"नक्की," मी म्हणालो. "बाईंनी स्वतःच्या मोबाइलवर करून बघितलंय."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. माझ्या 'नक्की'पेक्षा तिला ते पुरेसं वाटलं, आणि बरोबरच होतं तिचं.

सेटिंग मी बदललं नाही. बाईंनी वही उघडून दिली आणि अर्चनानं वाचत वाचत स्वतःच बदललं. नाव टाकलं. पासवर्ड टाकला. ओटीपी काही येईना. एक मिनिट. दोन मिनिटं. अर्चनाचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेत होती की जाईचं, देव जाणे. चौथ्या मिनिटाला मोबाइल थरथरला. सहा आकडे तिनं एकेक करून दाबले.

'नमस्कार, अर्चना महेश दुधाणे.'

ती मोबाइल छातीशी धरून मटकन खाली बसली. बाई म्हणाल्या, "रड नंतर. आधी शाळा निवड." मग दोघींनी मिळून वीस शाळांची नावं भरली, महेशच्या शाळेला सगळ्यात जवळची पहिली. बाई प्रत्येक नाव दोनदा वाचायला लावत होत्या. चार वाजून सदतीस मिनिटांनी फॉर्म गेला. पाचच्या आत बाकीचे दहाही गेले.

चहा पिताना बाबर साहेब बाईंना हळू आवाजात म्हणाले, ते मी ऐकलं. "बाई, हिची बदली झाली तर तुमच्या शाळेवर दुसरं माणूस या वर्षी काही मिळत नाही. चारही वर्ग तुम्हाला एकटीला. निवृत्तीपर्यंत तसंच चालेल कदाचित. माहिताय ना?"

"माहिताय की," बाई बशीत चहा ओतत म्हणाल्या. "म्हणून तर लवकर आले. संध्याकाळी आले असते तर तिचं राहिलंच असतं."

मी कप तसाच हातात धरून बसलो. चार किलोमीटर डोंगर उतरून ही बाई स्वतःच्या शाळेतलं दुसरं माणूस घालवायला आली होती, आणि मला वाटत होतं, गप्पा मारायला आलीय. इतकं मोठं माणूस मी त्याआधी जवळून पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नंतरही नाही.

जूनमध्ये अर्चना गेली. तिला पहिल्या पसंतीची शाळा मिळाली, घरापासून सहा किलोमीटर. बाईंनी दोन वर्षं एकटीनं चार वर्ग सांभाळले. दर शनिवारी माझी शाळा सकाळीच सुटली की मी मोटारसायकल काढून ठाकरवस्तीला जायचो आणि तिसरी-चौथीचं गणित घ्यायचो. बाईंनी मला कधी या म्हटलं नाही आणि आलात कशाला असंही विचारलं नाही. फक्त माझ्यासाठी एक कप जास्त ठेवायला लागल्या.

बाई निवृत्त व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात केंद्रशाळेत पुन्हा माझी कार्यशाळा होती. नवीन अॅपची. बिल्ला मी लावला नव्हता. बाई पहिल्या बाकावर, तीच खाकी कव्हरची वही घेऊन. मी पायऱ्या सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या, आणि या वेळी मी थांबत गेलो. शेवटची पायरी झाली. मी खडू खाली ठेवला आणि म्हणालो, "आता लिहून घ्या, उलटं कसं करायचं."

बाईंनी मान वर केली नाही. मथळा त्यांनी आधीच लिहिला होता, आणि त्याखाली माझ्यासाठी अर्धं पान सोडलं होतं.